एकाच रंगाची अंडी

१

टोपली ओसरीवर टेकवताना तळातलं एक अंडं फुटलं, आणि अशी घाण सुटली की रामनाथ तरे नाकाला पंचा लावून थेट अंगणात गेले.

"आबिदा, अगं सकाळी सकाळी हे काय घेऊन आलीस?"

"पुरावा, तरेकाका," आबिदा म्हणाली. "म्हणजे परवापर्यंत तरी मी त्याला पुरावा समजत होते."

रामनाथ तऱ्यांना किळस येणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. उभी नोकरी त्यांनी अन्नभेसळ निरीक्षक म्हणून काढली होती. तिखटात विटेची भुकटी, चहात लाकडाचा भुसा, पेढ्यात टिपकागद, सगळं त्यांनी स्वतःच्या बोटांनी चिवडून पाहिलं होतं. परिणाम असा झाला की माणूस निवृत्त झाला, पण पोट काही निवृत्त होईना. टेमघरात कुणाचंही लग्न असो, तरे आहेर देत, हात जोडत आणि घरी येऊन पिठलं-भात खात. परक्या घरचं पाणीसुद्धा ते पीत नसत. लोक पाठीमागे त्यांना 'सोवळे तरे' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

आबिदा ही त्यांच्या जुन्या दोस्ताची, कैलासवासी म्हणावं तर धर्म आडवा येतो अशा खोत मास्तरांची मुलगी. भिवंडीतच शिकली आणि पुढे मुंबईच्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ झाली. ती ज्या विषांच्या मागे होती ती पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात, आणि एकदा अंगात शिरली की पगडीच्या भाडेकरूसारखी जागा सोडायचं नाव घेत नाहीत. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असलं एक विष असतं, त्याला ती पीसीबी म्हणे. राहनाळच्या अनंता भोईरच्या गोदामात असले भंगार ट्रान्सफॉर्मर फोडले जात. तेल गळून नाल्यात उतरे, नाल्याकाठी आदिवासींचा पाडा, पाड्यातल्या कोंबड्या दिवसभर तीच माती उकरत, आणि कोंबडीच्या पोटातलं विष अंड्यात उतरे. आबिदानं पहिल्यांदा आपल्या हातानं काही अंडी नेऊन तपासली, तेव्हा यंत्राची सुई कागदाबाहेर गेली होती.

"सरकार म्हणालं, असं चालणार नाही, पंचनामा करून नमुना घ्या," आबिदा सांगू लागली. "घेतला. गेल्या महिन्यात. तपासणी दुसऱ्यांनी करायची असा नियम, म्हणून मी त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. आणि अहवाल आला, अंडी स्वच्छ. उद्या प्रांतसाहेबांपुढे सुनावणी आहे. हा अहवाल वाचला गेला की अनंताच्या गोदामाचं टाळं निघालं. मग तो पाडा आणि ते तेल, कुणी विचारणार नाही. उरलेली अंडी फ्रिजमध्ये होती, ती मागून आणलीत."

तरे परत आले. पंचा नाकावरच होता. त्यांनी एकेक अंडं उचलून उन्हात धरलं, फिरवलं, खाली ठेवलं. मग एक बशीत फोडलं. पिवळा बलक नावालाच पिवळा होता, धुतलेल्या हळदीच्या फडक्यासारखा.

"नाल्याकाठी किडे वेचणाऱ्या कोंबडीचा बलक असा असतो होय? केशरी हवा. ही पोल्ट्रीची अंडी आहेत, पोरी. वरून रंगवलेली."

"रंगवलेली?"

"गावठी म्हणून चढ्या भावानं विकायला बाजारात रोज रंगवतात. चहाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. मी किती पकडलेत! पण चहातलं अंडं भांड्याच्या तळाला जिथे टेकतं, तिथे फिकट चट्टा राहतो. हे बघ, एकाला तरी चट्टा आहे? आणि सगळी एकाच रंगाची. हे बाजारातल्या भामट्याचं काम नाही."

"मग कुणाचं?"

"ज्याला डाग खपत नाही अशा माणसाचं," तरे म्हणाले आणि हात धुवायला उठले.

२

नमुन्याची पेटी कुठून कुठे गेली ते आबिदानं जीपमध्ये सांगितलं, आणि तऱ्यांचं डोकंच फिरलं.

अंडी पाड्यावर गोळा केली. तिथून पेटी अनंताच्या गोदामात गेली, कारण पंचनामा तिथे लिहायचा होता. अर्धा तास ती तिथल्या टेबलाखाली होती. लाख आणि मोहोर तलाठ्यानं आणलीच नव्हती, म्हणून पेटी पुन्हा न उघडता सील दुसऱ्या दिवशी कचेरीत मारायचं ठरलं. रात्रभर पेटी आबिदाच्या चाचांच्या घरी, नूर मोहम्मद शेठच्या कोठीत राहिली. आणि रस्त्यात ती सांभाळली ती जीपचा ड्रायव्हर रघू यानं, जो या क्षणीही गाडी चालवत होता.

"सील दुसऱ्या दिवशी!" तरे किंचाळलेच. "मढं जाळून झाल्यावर नाडी बघण्यातलाच प्रकार हा."

रघू आरशातून बघत होता. त्याने गिअर बदलला, तो जरा जास्तच जोरात.

राहनाळची गोदामं मागे पडली आणि नाला आला. त्याला नाला म्हणायचं ते पाणी वाहत होतं म्हणून. वर तेलाची जाड साय, सायीवर जांभळे-हिरवे रंग, काठाला काळा चिखल, आणि त्या चिखलात चोची खुपसून बसलेल्या कोंबड्या. कुजलेल्या मासळीवर कुणी गोड अत्तर ओतावं तसा वास. तऱ्यांनी पंचा पुन्हा नाकाला लावला. अन्नातली भेसळ त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण इथे सगळी जमीनच भेसळीची झाली होती.

सोनी आपल्या झोपडीच्या दारात बसली होती. मांडीवर तान्ही सोमी, पदराआड पीत होती. बाजूला खेळणाऱ्या पोरांच्या गालांवर, कानांमागे काळ्या डोक्यांच्या पुटकुळ्या दाटल्या होत्या.

"बाय आली," सोनी आबिदाला म्हणाली. "कागद आला का गं? काय म्हनतो कागद?"

तऱ्यांनी टोपलीतली अंडी सोनीपुढे मांडली.

"ही तुझ्या कोंबड्यांची का?"

सोनीनं एक नजर टाकली आणि हसली. "सायेब, माज्या कोंबड्या काय कारखान्यातून आल्यात? काळीचं अंडं पांढुरकं, कापरीचं गुलाबी, तांबडीचं बदामी. एकीचं दुसरीला मिळत न्हाय. ही तर सगळी तांबडीनंच घातल्यावानी हायत." ती आत गेली आणि एक अंडं घेऊन आली. "हे बगा तांबडीचं. आजचं हाय."

तऱ्यांनी ते अंडं रंगवलेल्या अंड्याशेजारी धरलं, उन्हात नेलं, सावलीत आणलं. दोन्ही रंगांत केसाचाही फरक नव्हता. त्यांनी आबिदाला विचारलं, "त्या दिवशी पेटीत वरच्या थराला कुठलं अंडं होतं?"

"बदामी रंगाचं. मला आठवतं, कारण त्याच्याशेजारीच कोळशाची रेघ असलेलं पांढुरकं अंडं ठेवलं होतं."

"कोळशाची रेघ?"

"मी वढलेली," सोनी म्हणाली. "काळी खुडूक झाली व्हती, तिला अंड्यावर बसवलेली. उबवायच्या अंड्यावर रेघ वढून ठेवतो आमी, न्हायतर मागनं घातलेलं ताजं अंडं त्यात मिसळतं. बायला अंडी कमी पडत व्हती, म्हनून आदल्याच दिशी बसवलेलं एक काढून दिलं."

"मी रेघ पुसली नाही," आबिदा म्हणाली. "नमुना पुसायचा नसतो."

उरलेल्या अंड्यांत रेघेचं अंडं नव्हतंच. खरी अंडी कुठेतरी गेली होती, आणि त्यात एक खुणेचं होतं. तऱ्यांनी ते मनात ठेवलं.

सोनीनं काळा चहा पुढे केला. तऱ्यांनी हात जोडले. ती चिडली नाही, उलट समजून मान हलवली. पाणी नाल्याकाठच्याच विहिरीचं होतं, तिलाही दुसरं कुठलं मिळणार होतं?

निघताना तिनं आबिदाचा हात धरला. "बाय, तू म्हनलीस जहर अंगात ऱ्हातं, आईच्या दुधातनं बी जातं. मग मी सोमीला पाजू का नको? नको तर काय पाजू?"

"उद्या सांगते," आबिदा म्हणाली. तिला सोनीकडे बघवेना.

जीपकडे येताना सोनीनं मागून तऱ्यांना हळूच सांगितलं, "सायेब, त्या रघूपुढं बोलू नका काय. अनंता शेठ मामा हाय त्याचा."

३

"हो, मामा आहे!" अंबाडीच्या वाटेवर तऱ्यांनी विचारताच रघू उसळून म्हणाला. "मामा आहे म्हणून मी अंडी चोरली? मामानं मला साधी क्लीनरची नोकरी दिली नाही, तिकडे मी अंडी नेऊन देईन? साहेब, पेटी माझ्याकडे होती तेव्हा गाडी चालत होती. एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं अंडी रंगवीन मी?"

मुद्दा बिनतोड होता, पण तऱ्यांनी तसं तोंडावर दाखवलं नाही.

अनंता भोईरची पोल्ट्री अंबाडीच्या नाक्यापासून थोडी आत होती. पोल्ट्री! आबिदानं तऱ्यांकडे पाहिलं. पत्र्याच्या लांब शेडमधून अमोनियाचा डोळे झोंबणारा दर्प येत होता, आणि अनंता त्याच दर्पात खुर्ची टाकून वडापाव खात होता. त्याच्या बोटांवर तेल होतं. तरे वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"जल्ला! रामनाथ तरे!" अनंता खाता खाता ओरडला. "आगरी मानूस तू, न् आपल्याच मानसाच्या मागं लागलास?"

"अंडी बदललीस का, अनंता?"

"माजी पोल्ट्री हाय म्हनून? सगल्या भिवंडीला माजीच अंडी जातात. तुज्या या डाक्टरीनबायच्या चाच्याच्या घरी पन जातात. मंग त्याला पन धरशील?" अनंता स्वतःच्या विनोदावर खदाखदा हसला. मग पुढे वाकला. "आयक. माजं गोदाम कायमचं बंद केलं, तर मी दुसरीकडं पत्रे ठोकीन. माजं काय अडतंय? मी तेल साठवतो, इकतो. जालत न्हाय. जालनारे येगले. साफ कपड्यातले लोक हायत ते. सरकारी तेल महाग पडतं ना त्यांना."

"नावं सांग."

"गिऱ्हाइकाचं नाव सांगनारा धंदा करत न्हाय," अनंता म्हणाला आणि बोटं चाटली.

"बरं, नाव नको. ते तेल जळतं तेव्हा वास कसा येतो, तेवढं सांग."

अनंतानं क्षणभर विचार केला. "नाल्यावर घेतलास ना, तोच. फक्त करपलेला. एकदा नाकात ग्येला का जल्मात इसरायचा न्हाय."

परतताना तरे अनंताचाच विचार करत होते. हा माणूस विष विकतो, पोरांची तोंडं सडवतो आणि वडापाव चवीनं खातो. पण अंडी त्याने बदललेली नाहीत, याची त्यांना खात्री पटत चालली होती. अर्ध्या तासात, चार पंचांदेखत, टेबलाखालचं बदामी अंडं बघून त्याच्याशी हुबेहूब रंग जुळवायचा, ही अनंताच्या तेलकट बोटांची करामत नव्हे. ते काम करायला वेळ लागतो, आणि हातही लागतो.

जीप गावात शिरली. लूमचा खडखडाट दोन्ही बाजूंनी सुरू झाला. एका वळणावर तऱ्यांनी अचानक रघूचा खांदा दाबला.

"थांब. काच खाली कर."

करपलेल्या मासळीचा वास, आणि त्यावर गोडसर थर. समोरच्या पत्र्याच्या छपरावरून एक धुरांडं काळा, तेलकट धूर ओकत होतं.

आबिदाचा चेहरा पांढरा पडला. "काका, हे तर चाचांचं डाइंग आहे, सूत रंगवायचा कारखाना."

४

नूर मोहम्मद शेठ यांच्याविषयी वाईट बोलणारा माणूस भिवंडीत शोधावा लागला असता. मास्तर गेल्यावर आबिदाचं शिक्षण त्यांनी केलं. पाड्यातल्या पोरांच्या अंगावर फोड आले, तेव्हा मलमाच्या डब्या पाठवल्या त्या त्यांनीच. पांढरी टोपी, पांढरा झब्बा, आणि सुताच्या रंगाच्या टाक्यांमध्ये दिवसभर वावरूनही त्या झब्ब्यावर रंगाचा एक ठिपका नाही.

"या तरेसाहेब! आबिदा, बेटा, तू दमलेली दिसतेस," ते म्हणाले. "जरा थांबा, एवढी रंगाची शेड बघतो."

एक कामगार टाकीतून सुताची ओली लडी घेऊन आला होता. नूर मोहम्मदांनी ती पिळली, दाराशी नेली, उन्हात धरली, मग सावलीत. दुसऱ्या हातात गिऱ्हाइकानं दिलेला नमुन्याचा तुकडा. डोळे बारीक करून ते बघत राहिले. "अजून थोडा पिवळा," ते म्हणाले, आणि कामगार परत पळाला.

सकाळी सोनीच्या अंगणात दोन अंडी उन्हात आणि सावलीत धरून आपण असेच उभे होतो, हे तऱ्यांना आठवलं.

टाक्यांवर आडव्या दांड्या होत्या, दांड्यांवर लड्या लोंबत होत्या, आणि दोन माणसं त्या सारखी फिरवत होती. हात थांबत नव्हता.

"किती फिरवतात!" तरे म्हणाले.

"फिरवलं नाही तर जिथे टेकतं तिथे रंग बसत नाही. चट्टा पडतो," नूर मोहम्मद हसून म्हणाले. "एक डाग दिसला, तर मी अख्खा लॉट परत घेतो. मी मुळात रंगमास्तर, साहेब. शेठ नंतर झालो. अजून अवघड शेड असली की माझ्याच हातानं काढतो."

"बॉयलरला काय जाळता?"

"लाकूड. थोडं फर्नेस ऑइल." उत्तर सहज आलं. "चला, जेवायला घरी. तुम्ही खाणार नाही, माहीत आहे मला, पण बसा तरी."

आबिदा बाहेर येऊन भिंतीला टेकली. तिलाही वास आला होता, आणि या विषयात तिचं नाक तऱ्यांपेक्षा तयार होतं. "काका, भिवंडीत रंगमास्तर शेकड्यानं आहेत," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"आहेत ना. पण तुझी पेटी रात्रभर त्यांतल्या एकाच्याच कोठीत होती."

"सिद्ध कसं करणार? खरी अंडी त्यांनी केव्हाच खाडीत टाकली असतील."

"असतील," तरे म्हणाले. तेलापेक्षा तो स्वच्छ झब्बा त्यांना जास्त घाणेरडा वाटत होता.

५

नूर मोहम्मदांच्या दिवाणखान्यात पंखा फिरत होता. त्यांची बीबी हबीबा ताटं मांडत होती. सून नसीबा, दिवस भरत आलेली, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं आबिदाकडे बघून हात हलवला.

तऱ्यांनी टोपली टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली.

"शेठ, ही पोल्ट्रीची अंडी आहेत. पंचनाम्याच्या पेटीत खऱ्यांच्या जागी ठेवलेली. ज्यानं ठेवली त्याच्याजवळ खरं बदामी अंडं नमुन्याला होतं आणि रंग जुळवायला सवड होती. अनंताकडे सवड नव्हती. रघूकडे पेटी होती तेव्हा तो गाडी हाकत होता. तिसरी जागा तुमची कोठी."

नूर मोहम्मद शांत होते. "आणि?"

"आणि चट्टा नाही. अंडी जाळीत घालून टाकीत सतत फिरवली, कारण त्या माणसाच्या हाताला दुसरी सवयच नाही. बाजारातला भामटा असता, तर चट्टे पडले असते आणि मी बाजारातच चोर शोधत बसलो असतो. तो असता तर त्यानं वेगवेगळे रंगही केले असते, गावठी अंडी असतातच तशी. पण रंगमास्तराला गिऱ्हाइकाचा एक तुकडा मिळतो आणि त्याला अख्खा लॉट जुळवायचा असतो. तुम्ही वरचं एक अंडं उचललंत आणि सगळा लॉट त्याला जुळवलात. कसब चांगलं आहे, शेठ. फार चांगलं आहे."

आबिदा म्हणाली, "चाचा, बॉयलरला अनंताचं तेल जाळता ना? गोदामाची चौकशी पुढे गेली असती, तर तेल कुठे जातं हेही निघालं असतं."

नूर मोहम्मदांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, पुन्हा घातली. त्यांचा आवाज अजूनही मायाळू होता आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. "बेटा, माझ्याकडे माणसं किती आहेत, ठाऊक आहे तुला. महाग तेलावर डाइंग चालत नाही. त्यांच्या चुली बंद करू? आणि त्या पाड्याचं म्हणशील, तर ते लोक पहिल्यापासून तसेच. काहीही खातात, काहीही पितात. गरिबाच्या पोटाला सवय असते. मी मलम पाठवतोच आहे."

तिखटात विटा घालणारेसुद्धा पकडल्यावर निदान रडत. मलम पाठवणारा तऱ्यांनी हा पहिलाच पाहिला.

"बाकी तुमच्या अंदाजाला पुरावा नाही," नूर मोहम्मद पुढे म्हणाले. "कुठे आहेत तुमची ती खरी अंडी?"

"त्यात एक खुणेचं होतं," तरे म्हणाले. "सोनीनं उबवायला बसवलेलं. पांढुरकं, त्यावर कोळशाची रेघ."

"कोळशाची रेघ?" दारातून नसीबा हसली. "अय्या, ते तर मी खाल्लं! मी अम्मींना म्हटलंसुद्धा, अंड्याला नजर लागू नये म्हणून काजळ लावलंय की काय?"



हबीबानं हातातलं ताट खाली ठेवलं. तिला एवढंच कळलं होतं की आपली चोरी उघडी पडली. "हे म्हणाले, कोठीत कोपऱ्यात टोपली आहे, माणसाकडून खाडीत टाकून दे. मी उघडून बघितली तर गावठी अंडी, ताजी. टाकवतात का हो कुणाला? पोल्ट्रीच्या अंड्यात काय असतं, नुसतं पाणी. पोरीचे हे दिवस, अंगाला लागेल म्हणून रोज सकाळी एक, दुधात फेटून दिलं. सगळी तिलाच दिली. आम्ही कुणी हात लावला नाही." ती नवऱ्याकडे वळली. "अन्न टाकणं गुन्हा असतो ना? असं काय बघताय?"

नूर मोहम्मद उठले. खुर्ची मागे पडली. त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि तिला ओढत मोरीकडे नेऊ लागले.

"ओक! नसीबा, बोट घाल, ओकून टाक! सगळं काढ बाहेर!"

"अब्बा, काय करताय? महिना झाला त्याला!"

"ओक म्हणतो ना!" त्या माणसाचा आवाज फाटला. टोपी पडली, झब्ब्यावर कालवण सांडलं, त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "मिठाचं पाणी आण, हबीबा! पाणी आण!"

आबिदा मध्ये गेली आणि तिनं नसीबाचं मनगट सोडवलं.

"ते ओकून निघत नाही, चाचा. कालचंही निघालं नसतं. ते चरबीत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच असतं. तुम्हाला मी हे जेवताना कितीदा सांगितलंय. तुम्ही माझ्या ताटात वाढत होतात आणि 'हो बेटा, हो बेटा' म्हणत होतात."

"मरेल का ती?" त्यांनी विचारलं. "मूल?"

"मरणार नाही. बाळाचं काय होईल, ते मला सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही होणार. कदाचित पुढे कधी कळेल. पाड्यातल्या बायकांनाही मी एवढंच सांगू शकते."

आता कुठे नूर मोहम्मद खाली बसले, मोरीच्या ओल्या उंबऱ्यावरच. पुरावा मागणारा माणूस स्वतःच पुरावा झाला होता, आणि तऱ्यांना त्याचा आनंद म्हणून काही होईना. केस सुटली की पूर्वी त्यांना भूक लागायची.

नसीबा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. हळूहळू तिला उमगत गेलं. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले.

"आबिदा आपा," ती म्हणाली, "दुधातून पण जाईल ना ते? मग मी बाळाला पाजू का नको?"

सकाळी हाच प्रश्न नाल्याकाठी विचारला गेला होता, आणि आबिदानं तो उद्यावर टाकला होता. आता ती नसीबासमोर खाली बसली.

"पाज," ती म्हणाली. "सोनीलाही जाऊन हेच सांगणार आहे. दूध बंद करून विष थांबत नाही. तिकडे डब्याचं दूध कालवायला पाणी त्याच विहिरीचं आहे. आई बंद करता येत नाही, नसीबा. बॉयलर बंद करता येतो."

मग नूर मोहम्मद भिंतीला धरून उठले. डागाळलेल्या झब्ब्यानं, बोडक्या डोक्यानं ते चपला न घालताच बाहेर पडले आणि डाइंगच्या दिशेनं चालू लागले. दारातच त्यांनी मागे न बघता विचारलं, "उद्याची सुनावणी किती वाजता, तरेसाहेब?"

"अकराला."

"मी येतो. अनंताचं तेल कुणाकुणाकडे जातं ते मला ठाऊक आहे."

खिडकीतून छपरापलीकडचं धुरांडं दिसत होतं. काळा धूर येतच होता. मग तो विरळ झाला, आणि काही वेळानं थांबला. वास मात्र पडद्यांत, उशांत, मांडलेल्या ताटांत तसाच होता. तो या घरात किती दिवसांपासून असेल, तऱ्यांना कळेना.

त्यांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी हबीबाकडे पाणी मागितलं. आबिदानं चमकून पाहिलं, कारण परक्या घरचं पाणी तरे पीत नाहीत हे तिला लहानपणापासून माहीत होतं. हबीबानं पेला आणून दिला. रामनाथ तऱ्यांनी तो तोंडाला लावला, घोट तोंडात घेतला, आणि कितीतरी वेळ तो त्यांना गिळवेना.